जुना ४ जीबीचा लॅपटॉप तीन हजारांत पळायला लागेल का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: २०२० मध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला लॅपटॉप, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. चालू व्हायला पाच-सहा मिनिटं. मुलगी आता बी.कॉम.ला, खिशात तीन हजार, राहणं नागपुरात. आणि दुकानदार म्हणतो, पाचशे द्या, फॉरमॅट मारून देतो.

ते पाचशे देऊ नका. मी दोनदा दिलेत. नागपुरातच महाल भागात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे आणि तिथे याच जातीचा लॅपटॉप आहे. ‘फॉरमॅट मारून देतो भाऊ, मख्खन चालन,’ असं ऐकून दिला. पंधरा दिवस बरा चालला, मग पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या खेपेला तर त्यांनी डी ड्राइव्हही साफ करून टाकला. त्यात लग्नपत्रिकांचे मसुदे होते. ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुखणं कुठे आहे ते आधी बघा, याला पैसे पडत नाहीत. लॅपटॉप चालू करा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. माझ्याकडे डिस्क १०० टक्के दिसायची, पण खाली वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. आधी मला हे कोडंच वाटलं. एवढी राबतेय, मग काम का होत नाही?

कारण ती खरोखर पळतेय. लॅपटॉपच्या हार्डडिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी सुई त्या पट्टीपर्यंत सरकायला हवी, त्यात आणखी दहा-बारा. अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभरसुद्धा होत नाहीत, आणि विंडोज चालू होताना हजारो छोट्या फाइली मागतं. दुकानात एकच पोऱ्या आणि पन्नास गिऱ्हाइकं, प्रत्येकाच्या एकेका कागदासाठी तो मागच्या खोलीत धावतोय, असं समजा. त्यात ४ जीबी रॅम भरली की उरलेलं सामान विंडोज डिस्कवरच नेऊन ठेवतं. म्हणजे ओझं पुन्हा त्याच पोऱ्यावर. फॉरमॅटने खोली आवरली जाते, पोऱ्या तोच राहतो.

म्हणून पहिला रुपया एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी मेमरी चिपा असलेल्या डिस्कवर. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे अशी वाचनं ती सेकंदाला हजारोंनी करते. माझा लॅपटॉप बटण दाबल्यापासून पाऊण मिनिटात टायपिंगला तयार असतो. प्रोसेसर तोच, रॅम तीच.

तुमच्यात हार्डडिस्क आहे, तेव्हा तिच्याच जागी अडीच इंची साटा एसएसडी बसेल. एनव्हीएमई नावाची दुसऱ्या जातीची एसएसडी नको, ती त्या खाचेत बसत नाही. २५६ जीबी पुरे. फोटो-बिटो जुन्या डिस्कवरच राहू द्या आणि ती यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीची वायर लागणाऱ्या डबीत घाला, बाहेरची डिस्क म्हणून चालते. भावाचं मात्र आजच्या दिवसाचं विचारा. डेटा सेंटरवाल्यांच्या मागणीमुळे २०२५ च्या शेवटापासून मेमरी चिपा महागल्या आहेत, जुन्या व्हिडिओतले भाव आता मिळायचे नाहीत. सीताबर्डीवर मोदी नंबर एक, दोन, तीन अशा गल्ल्यांत तीन-चार दुकानं फिरा, वॉरंटी लिहिलेलं पक्कं बिल घ्या. बिल नको म्हणाल तर दोनशे कमी, असं कोणी म्हटलं तर पुढचं दुकान गाठा.

विंडोज नव्याने टाकताना ‘ओरिजिनल’चे वेगळे पैसे मागतील, देऊ नका. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजचं लायसन्स मदरबोर्डशी, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाशी जोडलेलं असतं, त्याच प्रकारचं (होम असेल तर होम) विंडोज टाकून इंटरनेट जोडलं की आपोआप लागू होतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं फुकटचं टूल, बस. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा आता ११च टाका. तुमचा प्रोसेसर त्यांच्या यादीत आहे आणि ४ जीबी ही त्यांची किमान अट. जेमतेम का होईना, पास. विंडोजऐवजी टाकता येणारं फुकटचं लिनक्स मिंट याहून हलकं चालेल, पण बी.कॉम.ला हिशेबाचं टॅली लागणार आणि ते विंडोजवरचं.

रॅम नंतर. टास्क मॅनेजरमध्येच मेमरीवर जाऊन फॉर्म फॅक्टर बघा. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल तर ती बोर्डावर डकवलेली आहे, विषय संपला. ‘एसओडिम’ असेल तर बदलता येते, ८ जीबीपर्यंत. आजच्या भावात मी तरी थांबेन.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये लॅपटॉपसोबत आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम दिसतात, त्यातलं नको ते बंद करा, लॅपटॉपसोबत आलेला मुदत संपलेला अँटिव्हायरस काढा. विंडोजचा स्वतःचा पुरतो.

आता नागपूरचं खास. मेअखेरच्या नवतप्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे असली की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली स्पीड बघा: तुमची चिप १.१ ते २.८ गिगाहर्ट्झची. काम चालू असताना आकडा १.१ च्याही खाली अडकून बसला तर तिला उकडतंय. गादीवर लॅपटॉप ठेवणं बंद. मी खाली दोन लाकडी फुटपट्ट्या सरकवल्यात, हवा खेळते. आणि कूलरच्या ऐन झोतात बसू नका. माझा दुसरा लॅपटॉप उघडला तेव्हा त्याच्या पंख्यात धुळीचा आणि कूलरच्या ताटीतल्या भुशाचा ओलसर बोळा निघाला होता.

एवढं करूनही व्हिडिओ कॉल आणि वर दहा टॅब हे त्याला झेपायचं नाही. प्रोसेसरला दोनच कोर आहेत, म्हणजे काम करणारे हात दोनच.

घरी उघडणार असाल तर मागचे दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असू शकतात, ते आधी शोधा. झाकण निघालं की पहिल्यांदा बॅटरीची वायर काढा. मी ते दोन स्क्रू न काढताच झाकण ओढलं होतं. एक क्लिप तुटली, तिथे अजून सेलोटेप आहे.