न्यूयॉर्क किंवा शिकागोसारख्या शहराला केंद्राकडून मिळालेलं अनुदान कुठे खर्च झालं, हे तपासतं कोण?

मुख्य तपासणी म्हणजे 'सिंगल ऑडिट'. १९८४ च्या कायद्यानुसार केंद्राच्या प्रत्येक खात्याने वेगळा ऑडिटर पाठवायचा नाही. शहराने वर्षातून एकदा स्वतंत्र ऑडिटरकडून केंद्राच्या सगळ्या अनुदानांची मिळून तपासणी करून घ्यायची. पूर्वी वर्षाला साडेसात लाख डॉलर खर्चणाऱ्यांना हे बंधनकारक होतं; १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी मर्यादा दहा लाख आहे. मोठी शहरं ती केव्हाच ओलांडतात.

ऑडिटर प्रत्येक योजना तपासत नाही. रक्कम आणि जोखीम पाहून काही निवडतो. त्यांत फक्त बिलं जुळली की झालं, असं नसतं. पैसा ठरलेल्या कामालाच गेला का, लाभार्थी पात्र होते का, खरेदी नियमाने झाली का, हेही बघतात. उदाहरणार्थ, गरीब वस्त्यांसाठीच्या सामुदायिक विकास अनुदानातला किमान ७० टक्के खर्च अल्प व मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडावा लागतो.

माझ्या मते खरी कमकुवत जागा पुढची आहे. शहर हा पैसा बऱ्याचदा स्वयंसेवी संस्थांना देतं, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी शहराचीच असते. हजेरीपत्रक नाही, पगार मात्र अनुदानातून, असं आढळलं तर तो खर्च 'आक्षेपार्ह' ठरतो आणि केंद्र पैसे परत मागू शकतं.

याशिवाय केंद्रीय खात्यांचे महानिरीक्षक, म्हणजे खात्याच्या पैशातला गैरव्यवहार शोधणारे अधिकारी, स्वतंत्र चौकशी करतात. शहरांचे सिंगल ऑडिट अहवाल फेडरल ऑडिट क्लिअरिंगहाउस या केंद्राच्या अहवाल-संग्रहाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. आधी 'निष्कर्ष' हा भाग उघडा, आणि तोच दोष मागच्या वर्षीही होता का ते जरूर पाहा.