पॅनेलचं सर्टिफिकेट म्हणजे तुमच्या भिंतीची चाचणी नव्हे

प्रश्न : आमची सोसायटी साताऱ्यात गोडोली भागात आहे. पार्किंग आणि वर सात मजले. ताबा नोव्हेंबर 2021 मध्ये मिळाला. पश्चिमेकडच्या भिंतीवर बिल्डरने बाहेरून एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) शीट लावल्या आहेत. दर पावसाळ्यात त्या बाजूच्या खोल्या ओल धरतात, रंगाचे पोपडे सुटतात, बुरशी येते. मध्यंतरी एका सभासदाने गच्चीवर पडलेला शीटचा तुकडा लायटरवर धरला, तर तो पेटला आणि त्याचे जळते थेंब खाली पडले. बिल्डर म्हणतो, ओल हा तुमच्या मेंटेनन्सचा प्रश्न आहे आणि शीट फायर रेटेड आहे. तसं एक सर्टिफिकेटही त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलं. ताबा देताना त्याने ‘काही तक्रार नाही’ असं सगळ्यांकडून लिहून घेतलं आहे. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नाही. काही सभासद म्हणतात, वर्गणी काढून शीट उतरवू आणि वॉटरप्रूफिंग करून मोकळे होऊ. ठेकेदार मागची पोकळी फोमने भरून देतो म्हणतोय. काय करावं? – सचिव, गृहनिर्माण संस्था, सातारा

उत्तर : ताई, आधी ते शीट उतरवण्याचं काम थांबवा. तुमचा सगळा पुरावा त्या भिंतीवरच आहे. तो एकदा भंगारात गेला की बिल्डरच्या सर्टिफिकेटला उत्तर द्यायला तुमच्याकडे काहीच उरणार नाही. आणि पोकळीत फोम अजिबात भरू देऊ नका, त्याचं कारण पुढे सांगते.

मुदतीचं आधी. रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या (2016), कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवेतला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो एक पैसाही न घेता 30 दिवसांत दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर नुकसानभरपाई. तुमची पाच वर्षं 2026 च्या नोव्हेंबरात भरतात. कायद्याचे शब्द ‘नजरेस आणून देणे’ असे आहेत, म्हणजे या मुदतीत लेखी नोटीस जाणं महत्त्वाचं. व्हॉट्सअॅपवरच्या भांडणावर विसंबू नका. पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने आणि ईमेलने नोटीस द्या. प्रत्येक सदनिकेच्या ताब्याची तारीख वेगळी असू शकते, म्हणून सगळ्यांची ताबापत्रं गोळा करून सर्वांत आधीची तारीख धरून चाला. नोटिशीत ओल आणि आग हे दोन्ही दोष स्वतंत्र लिहा. आज फक्त ओलीचं लिहिलंत आणि आगीचं मुदतीनंतर काढलंत, तर तो दुसरा मुद्दा अडचणीत येईल.

‘काही तक्रार नाही’ या कागदाने इतकं घाबरून जाण्याचं कारण नाही. कलम 14(3) ची जबाबदारी कायद्याने घातली आहे. शीटच्या आत काय भरलं आहे, हे ताबा घेणाऱ्या माणसाला दिसतच नव्हतं, मग त्याबद्दल तक्रार नाही असं तो लिहून देणार कसं? कन्व्हेयन्सचंही तेच. तक्रार करायला ते लागत नाही, कारण कलम 31 मध्ये सदनिकाधारकांच्या संघटनेलाही तक्रारीचा हक्क आहे. मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरने करून न दिलेलं कन्व्हेयन्स मिळवण्यासाठी) जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज मात्र वेगळा करून ठेवा.

आता त्या सर्टिफिकेटकडे येऊ, कारण खरी लढाई तिथेच आहे. ते नीट वाचा. चाचणीचा नमुना कोणी दिला, कोणत्या तारखेला, जाडी किती, गाभा कशाचा? कोणत्या मानकाप्रमाणे चाचणी झाली? बहुतेक प्रयोगशाळांच्या अहवालात एक ओळ असते की निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते आहेत. याचा अर्थ, कंपनीने प्रयोगशाळेत पाठवलेला तुकडा उत्तीर्ण झाला. तुमच्या भिंतीवर चढलेली शीट त्याच मालाची आहे, हे त्या कागदाने सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायला खरेदीचं बिल, डिलिव्हरी चलन, ई-वे बिल आणि शीटच्या मागच्या बाजूचा बॅच क्रमांक जुळावा लागतो. नोटिशीतच हे सगळं मागा. कलम 19(1) प्रमाणे मंजूर नकाशे आणि तपशील मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि कलम 17(2) प्रमाणे इमारतीची कागदपत्रं संघटनेच्या हाती देणं हे बिल्डरचं कर्तव्य आहे. सोबत नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका : मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमनाचा ना-हरकत दाखला. करारनाम्याच्या परिशिष्टात किंवा माहितीपत्रकात क्लॅडिंगबद्दल, म्हणजे भिंतीवरच्या या बाहेरच्या आवरणाबद्दल, काय लिहिलंय तेही पाहा. माहितीपत्रकातल्या खोट्या विधानासाठी कलम 12 आहे.

एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये दाबलेला गाभा, एकूण जाडी साधारण 4 मिलिमीटर. स्वस्त शीटमध्ये हा गाभा निव्वळ पॉलिथिलीन असतो. तो वितळतो, पेटतो आणि जळते थेंब गाळतो. चांगल्या शीटमध्ये बहुतांश खनिज भरण असतं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. युरोपीय वर्गवारीत ‘ए 2-एस 1, डी 0’ असं लिहिलेलं असतं, त्यातला डी 0 म्हणजे जळते थेंब पडत नाहीत. तुमच्या सभासदाने पाहिलं ते याच्या नेमकं उलट. मात्र तो लायटरचा प्रयोग पुरावा म्हणून चालणार नाही. तुकडा याच भिंतीचा कशावरून, हा पहिलाच प्रश्न येईल. पुन्हा तसं करू नका. आलेल्या शंकेचा उपयोग अधिकृत चाचणी मागण्यासाठी करा.

दुसरी गोष्ट अशी की आगीत जळते ती सगळी रचना : शीट, मागची चौकट, पोकळी, सांधे. शीट आणि भिंत यांच्यातली उभी पोकळी अखंड असेल तर आग धुराड्यासारखी वर ओढली जाते, म्हणून मजल्यामजल्यावर न जळणाऱ्या पदार्थाचा अडसर लागतो. फोमला मी विरोध करते तो यासाठीच. नेहमीचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम जळणारा असतो. ओल बंद करायला जाल आणि आगीला आणखी खाद्य पुरवाल. लंडनमध्ये 14 जून 2017 रोजी ग्रेनफेल टॉवरच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजमधून लागलेली आग पॉलिथिलीन गाभ्याच्या क्लॅडिंगवरून इमारतभर पसरली आणि 72 माणसं गेली. 2024 च्या चौकशी अहवालाने साहित्य बनवणाऱ्यांनी चाचण्यांबाबत केलेल्या लबाडीवर स्पष्ट बोट ठेवलं. तुमच्या हातातल्या सर्टिफिकेटला मी इतके प्रश्न विचारते आहे ते उगाच नाही.

नमुना कसा घ्यायचा? बिल्डरला तारीख-वेळ कळवून निदान पंधरा दिवसांची सूचना द्या. तो आला नाही तरी काम थांबत नाही, सूचना दिल्याचा कागद पुरेसा आहे. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि दोन त्रयस्थ पंच यांच्यासमोर, निरनिराळ्या मजल्यांवरून मोजक्या शीट काढा. जागेचे, मागच्या छाप्याचे आणि चौकटीचे फोटो घ्या. प्रत्येक नमुन्याचे तीन भाग करून सही-शिक्क्याने सील करा : एक प्रयोगशाळेला, एक बिल्डरला, एक सोसायटीकडे. पंचनामा जागेवरच लिहा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त असावी, आणि ही मान्यता नेमक्या त्याच चाचणीसाठी आहे का, हे तिच्या मान्यतेच्या यादीत बघून घ्या. हे लोक तपासत नाहीत आणि उलटतपासणीत अडकतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत अग्निसंशोधनाची सोय आहे, तिथेही विचारणा करा. फोटो-व्हिडिओ ज्याच्या फोनवर काढले त्याचं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागेल, त्यामुळे तो फोन विकू नका.

ओलीची चाचणी त्याच आठवड्यात उरकता येते. होजपाइपने भिंतीवर पाणी मारायचं ते खालून वर, एका वेळी एकच पट्टा, आणि आतल्या खोलीत कोणीतरी वेळ नोंदवत बसायचं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळेल आणि नेमकं कुठून शिरलं ते कळणार नाही. खिडकीची चौकट, शीटचे सांधे, गच्चीचा कठडा हे सगळं वेगवेगळं तपासा. एएसटीएम ई 1105 या अमेरिकी मानक पद्धतीत दर चौरस मीटरला मिनिटाला 3.4 लिटर पाणी फवारतात. इंजिनिअरकडे तशी फवारणीची चौकट असेल तर उत्तमच. प्लास्टर किती पाणी पितं हे भिंतीला काचेची मोजनळी चिकटवून मोजता येतं. आणि एक अवघड गोष्ट प्रामाणिकपणे करा : सभासदांनी एसीच्या पाइपसाठी त्या भिंतीला पाडलेली भोकं मोजून नोंदवा. बिल्डर पहिलं बोट तिकडेच दाखवणार आहे. त्या भोकांतून पाणी येत नाही हे चाचणीत दिसलं तर त्याचा बचाव तिथेच पडतो. येत असेल, तर तेवढा खर्च त्या सभासदांनी सोसायला हवा.

घरात लहान मुलं, दमेकरी असतील तर निकालापर्यंत ओलीत राहा असं मी म्हणणार नाही. पंचनाम्यानंतर तात्पुरती दुरुस्ती जरूर करा आणि बिलं जपा. करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे नुकसान वाढू न देण्यासाठी तुम्ही काय केलं हेही पाहिलं जातं.

दार कोणतं ठोठावायचं? माझं मत महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, जावं असं आहे. दुरुस्तीचा आदेश प्राधिकरणाकडे मागायचा आणि कलम 14 खालची भरपाई कलम 71 प्रमाणे न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे. हे दोन वेगळे अर्ज आहेत. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे की रेरामुळे तो हक्क जात नाही. सदनिकेसाठी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर साताऱ्यातल्या जिल्हा आयोगातच काम होईल, आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38(9) प्रमाणे आयोगाला प्रयोगशाळेचा अहवाल मागवता येतो. पण तिथली मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची, आणि तुमची ओल पहिल्या पावसाळ्यापासूनची. शिवाय संस्थेच्या नावाने तक्रार करता येते का, यावर आक्षेप येतात, त्यामुळे तिकडे गेलात तर सदनिकाधारकांना सोबत घ्या. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नका.

बिल्डर म्हणेल, आर्किटेक्टने सुचवलं, ठेकेदाराने लावलं. मेलबर्नच्या लाक्रॉस इमारतीत 2014 मध्ये बाल्कनीतल्या सिगारेटमुळे अशाच क्लॅडिंगने पेट घेतला. 2019 च्या निकालात भरपाईची जबाबदारी अग्निसुरक्षा सल्लागारावर 39, प्रमाणपत्र देणाऱ्यावर 33, आर्किटेक्टवर 25 आणि सिगारेट टाकणाऱ्यावर फक्त 3 टक्के अशी वाटली गेली. मात्र सदनिकाधारकांना पैसे देण्याचा पहिला आदेश बिल्डरवर झाला, त्याने ते पुढे इतरांकडून वसूल करायचे. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण तुमचा करार बिल्डरशी आहे आणि दोष दूर करण्याचं कर्तव्यही कायद्याने त्याच्यावर आहे. आतल्या वाटणीसाठी तुम्ही थांबण्याची गरज नाही.

शेवटी तुमच्या स्वतःच्या जबाबदारीबद्दल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 प्रमाणे अग्निसुरक्षा राखणं हे मालकाचं आणि भोगवटादाराचंही कर्तव्य आहे, आणि दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. शीट जळणारी असल्याची शंका तुम्हाला आली आहे, आता माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. म्हणून अग्निशमन अधिकाऱ्यांना पत्र देऊन पाहणी मागा. त्या भिंतीजवळ वेल्डिंग, फटाके आणि उघड्या वायरिंगला बंदी घाला. यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा आणि ठरावात चाचणीचा खर्च, नमुने घेण्याचा अधिकार, तक्रारीवर सही कोण करणार आणि चाचणीपूर्वी कोणीही शीटला हात लावायचा नाही, हे चारही विषय नावानिशी लिहा. त्या ठरावाची खरी प्रत तक्रारीला जोडावी लागेल.