उतारावर ब्रेकचा जळका वास आला तर?

प्रश्न : घाट उतरताना चाकांतून जळका वास आला, ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. खाली पोचल्यावर सगळं पूर्ववत झालं. गाडी दाखवायची गरज आहे का?

आहे, आणि दाखवेपर्यंत घाटात नेऊ नका. वास येतो तो तापलेल्या ब्रेक पॅडचा, म्हणजे चाकाच्या डिस्कला (चकतीला) घासून वेग कमी करणाऱ्या पट्टीचा. पेडल मऊ पडलं म्हणजे बहुधा पेडलचा दाब चाकापर्यंत पोचवणारं ब्रेक ऑइलच उकळलं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे जुनं झालं की कमी तापमानालाच उकळतं. त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पाय ब्रेकवर असतो, पण दाबले जातात नुसते बुडबुडे. गाडी थंड झाली की बुडबुडे विरतात आणि ‘झालं ठीक’ असं वाटतं. तसं ते झालेलं नसतं. ऑइल किती वर्षांनी बदलायचं ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. बऱ्याच गाड्यांना दर २ वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं.

उतरण्याची पद्धतही बदला. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. जो चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो, तो उतरायचाही दुसऱ्यातच. इंजिन गाडीला धरून ठेवतं. ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करा आणि पाय पूर्ण उचला. पाय सतत हलकासा टेकवून ठेवल्यानेच पॅड तापतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं तर कधीच नको. इंजिन बंद झालं की दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं, स्टिअरिंगही जड होतं.

पेडल मऊ लागलंच, तर भराभर दाबत राहा, एकेक गिअर खाली घ्या आणि सुरक्षित जागा दिसताच थांबा. चाकांवर पाणी ओतू नका. तापलेल्या डिस्कला तडा जाऊ शकतो.

प्रश्न : जोरात ब्रेक मारला तर पेडल पायाखाली थरथरलं, खडखड आवाज आला. घाबरून पाय उचलला.

ही एबीएसची (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीमची) खूण. चाक लॉक होऊ नये, म्हणजे फिरायचं थांबून घसरू नये म्हणून ती यंत्रणा सेकंदात अनेकदा ब्रेक सोडते आणि पकडते, तोच हा थरथराट. अशा वेळी पाय उचलू नका. पूर्ण जोराने दाबून ठेवा आणि स्टिअरिंग मोकळ्या बाजूला वळवा. एबीएसचा खरा फायदा हाच, की कचकन ब्रेक लावूनही गाडी वळते. मोकळ्या मैदानात, मागेपुढे कुणी नसताना, हळू वेगात एकदा हा थरथराट मुद्दाम अनुभवा. मग ऐन वेळी पाय दचकत नाही.

प्रश्न : टायरची नक्षी छान आहे, तरी मेकॅनिक म्हणतो बदला. फसवतोय का?

कदाचित खरंच सांगतोय. टायरच्या बाजूला ‘डीओटी’पासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. एका बाजूला ते नसतील तर दुसऱ्या बाजूला असतात. रबर न वापरताही कडक होतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, दहा वर्षांपुढे वापरू नका. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा किंवा फुगवटा दिसला, तर वय न बघता बदला.

प्रश्न : मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लावून चालवावं का?

नको. वळताना तुमचा इशारा मागच्याला कळणार नाही. हेडलाइट लो बीमवर ठेवा, म्हणजे मागचे दिवेही लागतात. चारही इंडिकेटर गाडी थांबलेली असताना लावा.