माझा मदरबोर्ड पीसीआय-ई ३.० चा आहे. ५.० चं नवं ग्राफिक्स कार्ड घेताना बोर्डही बदलावा का?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. मशीन २०१८ चं, प्रोसेसर कोअर आय-५ ८४००, कार्ड बसायचा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस (म्हणजेच पीसीआय-ई) ३.०, मॉनिटर १०८०पी. मनात जीफोर्स आरटीएक्स ५०६० टीआय आहे. ते कार्ड ५.० चं, आणि कुणीतरी सांगितलंय की ३.० च्या बोर्डावर ते लावलं तर पैसे पाण्यात. म्हणून बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदमच बदलायचा विचार चालू आहे.

निव्वळ स्लॉटच्या आकड्यासाठी बोर्ड बदलू नका. मात्र तुमच्या बोर्डावर त्या कार्डाचं कोणतं मॉडेल घ्यायचं, याचा विचार नक्की करा. खरा फरक तिथे पडतो.

हा पेच मी एकदा वेगळ्या रूपात सोसलाय. २००४ च्या मध्यावर एजीपी हा ग्राफिक्स कार्डांचा जुना स्लॉट जाऊन पीसीआय एक्स्प्रेसचे बोर्ड आले. कागदावर फरक मोठा होता: एजीपी ८एक्सचा वेग सेकंदाला सुमारे २.१ जीबी, तर नव्या १६ लेनच्या (लेन म्हणजे माहिती ये-जा करायची एकेक वाट) स्लॉटचा दोन्ही दिशांना प्रत्येकी ४ जीबी. पण जीफोर्स ६६०० जीटी दोन्ही प्रकारांत मिळायचं आणि गेममध्ये दोघांत सांगण्यासारखा फरक नव्हता. म्हणून २००५ मध्ये मी एजीपीचंच घेतलं, बोर्ड ठणठणीत होता म्हणून. दोन वर्षांनी प्रोसेसर बदलायची वेळ आली, नव्या बोर्डावर एजीपी नव्हतंच, आणि चांगलं चालतं कार्ड खणात जाऊन पडलं. त्या काळी नवा स्लॉट घेण्यात शहाणपण होतं ते वेगासाठी नव्हे. जुन्या स्लॉटचं कार्ड पुढे नेता येत नव्हतं, म्हणून. एजीपीवाल्यांसाठी मध्ये पूल बांधणारी चिप बसवून कार्डं निघत राहिली, २००८ मध्येसुद्धा रेडिऑन एचडी ३८५० निघालं, पण ती वाट बंद होत चाललेली होती.

आज ती अडचण नाही. ३.० च्या स्लॉटमध्ये ५.० चं कार्ड बसतं, ५.० च्या स्लॉटमध्ये ३.० चं बसतं, आणि दोघं मिळून जो वेग दोघांना झेपतो त्यावर चालतात. आज घेतलेलं कार्ड उद्याच्या बोर्डावर जसंच्या तसं नेता येईल. त्यामुळे ‘आत्ताच बदललं नाही तर अडकू’ ही भीती मनातून काढून टाका.

आता वेगाबद्दल. पीसीआय एक्स्प्रेसची प्रत्येक पिढी लेनमागे साधारण दुप्पट होत आली आहे. ३.० मध्ये एका लेनला एका दिशेने सेकंदाला जेमतेम १ जीबी, ४.० मध्ये २, ५.० मध्ये ४. म्हणजे १६ लेनला अनुक्रमे सुमारे १६, ३२ आणि ६३ जीबी. पण बहुतेक गेम या रस्त्याचा फारच थोडा भाग वापरतात. ४.० चं आरटीएक्स ४०९० हे केवढं दांडगं कार्ड, तरी १६ लेन मिळाल्या तर ३.० वर त्याचं सरासरी नुकसान दोन-तीन टक्क्यांच्या घरात राहतं. खेळताना ते डोळ्यांना कळणार नाही.

मग ‘कार्ड वाया जातं’ हे लोक कुठून बोलतात? त्यातही तथ्य आहे, आणि ते समजून घ्यायला हवं. घरात रोज लागणाऱ्या वस्तू ओट्यावर असतात, न मावणाऱ्या माळ्यावर जातात. कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, हा ओटा. मशीनची रॅम हा माळा. आणि स्लॉट ही माळ्यावर चढायची शिडी. सगळं ओट्यावर मावत असेल तर शिडी रुंद आहे की अरुंद याला काही महत्त्व नाही. ओटा भरून वाहू लागला, दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, काहीतरी माळ्यावरून आणायची वेळ आली, की शिडीची रुंदी सगळं ठरवते. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचली जाते. ३.० वर आठ लेनची शिडी देते सुमारे ८ जीबी. पन्नासपटीहून जास्त फरक. तिथे गेम अडखळायला लागतो. फ्रेमची सरासरी ठीक दिसते, पण वळण घेतलं, नवी खोली उघडली की चित्र क्षणभर थिजतं.

वर मी आठ लेन म्हटलं, ते इथे कळीचं आहे. स्लॉट लांबीला पूर्ण असला, कार्डही पूर्ण लांबीचं दिसत असलं, तरी मधल्या आणि खालच्या वर्गातल्या अनेक कार्डांना आतून आठच लेन जोडलेल्या असतात. आरटीएक्स ४०६० ला आठ, रेडिऑन आरएक्स ६६०० ला आठ, ५०६० टीआयलाही आठ. ४.० किंवा ५.० च्या बोर्डावर आठ लेन पुरून उरतात, म्हणून कंपन्या तेवढ्याच देतात. जुन्या बोर्डावर मात्र कार्ड वेगाने निम्मं किंवा त्याहून कमी आणि लेननेही निम्मं असं दुहेरी कापलं जातं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०२२ च्या सुरुवातीला आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी. चारच लेन आणि मेमरी ४ जीबी. ४.० च्या बोर्डावर ते ठीकठाक चालायचं, ३.० वर सरासरीतच दोन आकडी टक्क्यांनी घसरायचं आणि काही गेममध्ये त्याहून कितीतरी जास्त. हिशेब केलात तर लक्षात येईल: ३.० वर चार लेन म्हणजे सेकंदाला ४ जीबी, म्हणजे २००४ च्या पहिल्या १६ लेनच्या स्लॉटइतकाच रस्ता. स्वस्त कार्ड जुन्या मशीनवाले घेतात आणि नेमका त्यांनाच फटका बसतो, याचा मला मनापासून राग येतो. मेमरी आणि लेनची संख्या खोक्याच्या दर्शनी बाजूला सारख्याच ठळक अक्षरांत छापायला हव्यात.

आता तुमच्या कार्डाकडे वळतो. ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आहे. तुमच्या ३.० बोर्डावर ८ जीबीचं घेऊ नका. आजचे जड गेम टेक्स्चरचा (वस्तूंच्या पृष्ठभागाच्या चित्रांचा) दर्जा उंच ठेवला की १०८०पी वरसुद्धा ८ जीबी ओलांडतात, आणि ओलांडलं की तुमच्याकडे अरुंद शिडी आहे. १६ जीबीचं घेतलंत तर ती शिडी क्वचितच लागेल आणि जुना बोर्ड जाणवणार नाही. दुसरा पर्याय रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी, त्याला पूर्ण १६ लेन आहेत, म्हणजे तुमच्या स्लॉटमधून दुप्पट रस्ता मिळतो. त्यातही १६ जीबीचंच बघा. बोर्ड-प्रोसेसर-रॅमसाठी जो खर्च काढून ठेवला होतात, त्यातला थोडाच भाग या जास्तीच्या मेमरीला लागेल.

‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून ५.० चा बोर्ड घ्यावा, असंही सांगणारे भेटतील. २०२१ मध्ये इंटेलच्या बाराव्या पिढीबरोबर ५.० चे स्लॉट घरगुती बोर्डांवर आले. त्यात बसणारी ५.० ची पहिली गेमिंग कार्डं आली जानेवारी २०२५ मध्ये. ज्यांनी फक्त त्या स्लॉटसाठी जास्त पैसे मोजले, त्यांनी तीन वर्षांहून जास्त काळ रिकामा रस्ता सांभाळला.

बोर्ड बदलायचं खरं कारण तुमच्याकडे असू शकतं, पण ते वेगळं आहे: प्रोसेसर. आय-५ ८४०० ला सहा कोर आणि सहाच थ्रेड आहेत. आत्ताच्या कार्डावरच एक साधी चाचणी करा. तुमचा नेहमीचा गेम आधी १०८०पी वर चालवा, मग रिझोल्यूशन ७२०पी वर आणा. फ्रेम भरपूर वाढल्या तर कार्ड कमी पडतंय, नवं कार्ड कामाला येईल. फ्रेम जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसर दमलाय, आणि मग कितीही भारी कार्ड लावलंत तरी हाती थोडंच लागेल. तसं निघालं तर बोर्ड जरूर बदला, ५.० आपोआप मिळालं तर मिळालं.

इंटेलची आर्क कार्डं मोहात पाडत असतील तर जरा थांबा. त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) नावाची सोय चालू असावीच लागते, नाहीतर ती बरीच मागे पडतात, आणि तुमच्या काळातल्या बोर्डावर ती मिळेलच असं नाही. शिवाय जुन्या प्रोसेसरवर त्यांचा ड्रायव्हर जास्त भार टाकतो. तुमच्या मशीनसाठी मी ती सुचवणार नाही.

पॉवर सप्लायच्या खोक्यावर ‘पीसीआय-ई ५.० रेडी’ असं लिहिलेलं असतं, त्याने गोंधळू नका. तो शब्द सोळा पिनांच्या वीजजोडणीबद्दल आहे, स्लॉटच्या वेगाशी त्याचा काही संबंध नाही. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आठ पिनांच्या वायरीतून १५०. ५०६० टीआयची भूक १८० वॅटची, म्हणजे बहुतेक मॉडेलना एक आठ पिनांची वायर पुरते. सप्लाय २०१८ चाच असेल तर मी बोर्डाच्या आधी त्याच्याकडे बघेन.

कार्ड लावताना ते प्रोसेसरच्या जवळच्या, पहिल्या लांब स्लॉटमध्येच लावा. हे मी अनुभवाने सांगतोय. भाच्याच्या मशीनमध्ये कूलर मोठा होता, हात नीट जाईना, म्हणून मी कार्ड खालच्या लांब स्लॉटमध्ये बसवलं. दिसायला दोन्ही सारखे. दोन आठवडे आम्ही ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं, गेमच्या सेटिंगशी झटापट केली, आणि अडखळणं काही जाईना. शेवटी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडल्यावर कळलं, त्या स्लॉटला आतून चारच लेन होत्या, त्याही थेट प्रोसेसरकडून नव्हे, बोर्डावरच्या चिपसेटमार्गे. कार्ड वर हलवलं आणि त्रास संपला. पोराने दोन आठवडे मुकाट्याने धीर धरला, त्याचं मला वाईट वाटतं.

तुम्हीही लावून झाल्यावर जीपीयू-झेडमध्ये ‘बस इंटरफेस’ची ओळ बघा. ५०६० टीआयला तिथे आठ लेन आणि ३.० दिसायला हवं. मशीन नुसतं बसलेलं असताना तिथे १.१ दिसलं तर घाबरू नका, वीज वाचवायला कार्ड वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून तिथली चाचणी सुरू केलीत की आकडा वर चढतो. चढला नाही तर बायोसमध्ये स्लॉटची पिढी ‘ऑटो’ ऐवजी ‘जेन ३’ करून बघा. कॅबिनेटमध्ये कार्ड उभं बसवण्यासाठी जुनी रायझर केबल वापरली असेल तर ती आधी काढा.

७२०पी च्या चाचणीत फ्रेमचे आकडे काय आले ते इथे लिहा, गेमच्या नावासकट. प्रोसेसर बदलायचा की नाही, ते त्यावरून सांगता येईल.