आजोबा दुसऱ्या महायुद्धात बर्माला लढाईत होते. त्यांच्या ट्रंकेत जपानी सरकारच्या १० रुपयांच्या १४ नोटा सापडल्या. नंबर नाहीयेत, खोट्या आहेत का? किती मिळतील?

खोट्या नसाव्यात, पण लाखबिख काही नाही हो, आधीच सांगतो.

आजोबा बर्माला लढाईत होते म्हणताय ना, मग हिशोब जुळतो. १९४२ ला जपान्यांनी बर्मा घेतला आणि तिथे रुपयातच स्वतःच्या नोटा काढल्या. बऱ्याचशा नोटांवर नंबर नाहीच, नुसती अक्षरं, तुमच्याकडच्या बघा, बी पासून सुरू होत असतील, बी म्हणजे बर्मा. मलायाच्या नोटांवर एम, फिलिपिन्सच्या पी. छापल्या इतक्या बेसुमार की शेवटी शेवटी भाजीलाही पोतंभर लागायच्या, आणि १९४५ ला इंग्रज परत आले तेव्हा सगळी रद्दी झाली. आपल्या जवानांनी आठवण म्हणून ट्रंकेत टाकल्या, त्यामुळे आजही ढिगाने मिळतात.

मी स्वतः फसलोय यात. फोर्टला फुटपाथवर एकाने हीच १० ची नोट "आझाद हिंदवाली, रेअर" म्हणून ६०० ला गळ्यात मारली. नंतर कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या प्रदर्शनात तीच, एकही घडी नसलेली, कडक, १५० ला. घरी सांगितलंच नाही. आझाद हिंद बँकेच्या म्हणून विकतात त्यातल्या तर ढीगभर नकली असतात, जपून.

आता तुमच्या नोटा उजेडासमोर धरा, घडीची रेघ, टाचणीचं भोक, कोपरा गेलाय का बघा, भाव तिथेच पडतो. इस्त्री फिरवू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको, माझ्या मामाने केलं होतं, नोट मेली.

पण खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर ट्रंक परत उपसली असती. सहाव्या जॉर्जच्या आपल्या भारतातल्या नोटा असतील, आणि त्यावर वेगळ्या शाईत "मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा" असं मागाहून छापलेलं असेल, तर ती १९४५ ची इंग्रजांची, आणि तिला या जपानी नोटेपेक्षा कितीतरी जास्त मागणी आहे. लोक साधी जुनी नोट समजून देऊन टाकतात.

फोनवर कोणी "जुन्या नोटा विकत घेतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा" म्हणाला तर सरळ ब्लॉक करा, रिझर्व्ह बँकेनेपण २०२१ ला सांगितलंय की असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही. अक्षरं दिसतील असे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, बघतो.