भोपळ्यात हात घालू द्या

प्रश्न : दोन महिन्यांसाठी लेकीकडे न्यू जर्सीला आले आहे. साडेचार वर्षांच्या नातवाने शाळेच्या सहलीतून हा मोठा केशरी भोपळा आणलाय. हॅलोविनच्या सणाला त्यावर तोंड कोरून, आत मेणबत्ती लावून दारात ठेवणार म्हणे. मला तर नुसते घारगे दिसतात! नातवाबरोबर त्याचं आणखी काय करू?
– एक आजी

उत्तर : ताई, घारग्यांचं आधी. कोरायचा भोपळा पाणचट नि दोऱ्यादोऱ्यांचा असतो. मुलाकडे असताना मीही हौसेने करायला गेले. कीस गुळात शिजवला तर पातेल्यात सारच झालं. मावेल तेवढी कणीक म्हणत डबा रिकामा केला आणि घारगे वातड. खायला तिथे छोटा गोड भोपळा वेगळा मिळतो, तो आणा. मेणबत्ती लावून दारात ठेवलेला तर पोटात नकोच.

आता नातू. टबात पाणी भरा आणि विचारा, बुडेल की तरंगेल? माझ्या बालवाडीत पोरं ठामपणे ‘बुडणार’ म्हणायची, कारण उचलताना दमलेली असायची. तो तरंगतो, पोटात पोकळी ना! आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधायचे, तेही सांगा. (तो दुध्याच्या जातीचा; पण एवढा काटेकोरपणा चार वर्षांच्या पोरापुढे कशाला!) ‘चल रे भोपळ्या’तली म्हातारी आत मावली कशी, हे तोच विचारेल.

वरचं झाकण तुम्ही कापा, हात त्याला घालू द्या. माझ्या वर्गातली एक मुलगी दोन्ही हात पाठीमागे धरून कितीतरी वेळ नुसती बघत होती. मग एका बोटाने एक बी ओढली. बीमागे ओला दोरा ताणला गेला, पट्कन तुटला. नंतर डबा खायलाही उठेना. अशा वेळी ‘रंग कोणता, बिया किती’ विचारू नका हो.

चार बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळून उबेला ठेवा. आठवडाभरात निमुळत्या टोकातून पांढरं मूळ डोकावेल. बाकीच्या भाजा, पण त्याला टरफलासकट देऊ नका, घशात अडकतात.

कोरलेला भोपळा काही दिवसांत खचतो, बुरशी धरतो. फेकू नका. परसात ठेवून रोज लांबून बघायला न्या. वासावरून लेक कुरकुरेल, तिचं तुम्ही बघा.