आजीच्या वर्षश्राद्धाला छोटी स्मरणपुस्तिका काढायची आहे. तिची देवभक्ती आणि संसार याबद्दल काय लिहावं?

पहिल्यांदा 'सोज्वळ', 'देवभोळी' आणि 'मायेचा सागर' हे शब्द खोडा. प्रत्येक स्मरणपुस्तिकेत ते असतात आणि वाचून कुणाचीच आजी डोळ्यांपुढे उभी राहत नाही. तुम्ही लिहिलंय की आजी अंत्रुजातली (म्हणजे गोव्यातल्या फोंडा भागातली), देवाधर्माची, मोठं कुटुंब सांभाळलेली. मग ती नेमकं काय करायची, कशाने, किती आणि कुठल्या क्रमाने, तेवढंच लिहा. भक्ती त्यात येतेच.

सुरुवात चवथीपासून (गणेश चतुर्थीपासून) करा, आणि चवथीत माटोळीपासून, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांनी भरलेल्या चौकटीपासून. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या थोरल्या काकांसकट पुष्कळांचं ठाम मत असतं की माटोळी म्हणजे पुरुषांचं काम, बायकांकडे रांधप (स्वयंपाक). शिडीवर चढून बांधतात ते पुरुष, कबूल. पण काय बांधायचं, ते कुठे मिळतं आणि कधी काढायचं, हे कुणाच्या डोक्यात असायचं ते विचारा. आमच्याकडे आजीच्या. कांगणां (रानवेलीची फळं) कुठल्या गडग्यावर पिकतात, कवंडळ (तेही रानवेलीचं फळ) यंदा लाल झालं की अजून हिरवंच आहे, घागऱ्यो (खुळखुळणाऱ्या रानशेंगा) कुठे मिळतील, तोरिंग (मोठं लिंबूवर्गी फळ) कुणाच्या परसात आहे, हा सगळा हिशेब श्रावणापासून चालू असे. आता म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारात सगळं एका जागी मिळतं, म्हणून ही माहिती होती हेच लोक विसरलेत.

एका वर्षी काकांनी कुमयाच्या (एका रानझाडाच्या) सालीच्या दोरांऐवजी नायलॉनची सुतळी आणली. मजबूत असते, दरवर्षी साल सोलायची कटकट नाही, वगैरे. नायलॉन मजबूत असतंच, पण गुळगुळीत देठावर त्याची गाठ धरत नाही, सरकते. कुमयाची साल खरखरीत असते. ओली असताना हवी तशी वळते आणि वाळली तरी गाठ जागची हलत नाही. तयेच्या (चवथीच्या आदल्या दिवशीच्या, हरितालिकेच्या) रात्री पिकलेला चिबूड सुटला आणि गणपतीच्या रिकाम्या चौरंगावर फुटला. त्यात दुसरी चूक होती. चिबूड पुरता पिकला की आपल्या आपण तडकतो, म्हणून माटोळीला तो अर्धा कच्चाच घ्यायचा. तिसरी चूक भोपळ्याची: शोभा यावी म्हणून तो चौकटीच्या मधोमध टांगला होता. आमची चौकट लाकडी, चार कोपऱ्यांना दोर, मध्ये आडव्या-उभ्या रिपा. वजन मध्ये आलं की रिपा वाकतात आणि कडेच्या गाठी आत ओढल्या जातात. आजी खाली पाटावर बसून एवढंच म्हणाली, "जड कडेक, हळू मदीं." (जड कडेला, हलकं मध्ये.) मग सगळी माटोळी उतरवून रात्रीतच पुन्हा बांधली गेली.

तिने लावलेला क्रम असा. आधी आंब्याचे टाळे, म्हणजे चौकट झाकली जाते. मग चार कोपऱ्यांना नारळाच्या जोड्या, सोडण (वरची काथ्याची साल) थोडं उकलून त्याच्याच धाग्यांनी एकमेकांना बांधलेल्या. कोपरे सारखे भरल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाहीतर चौकट कलंडते आणि मग कितीही ओढली तरी सरळ होत नाही. त्यानंतर सुपारीची शिपटी (घोस) आणि केळ्यांचा हिरवा घड, समोरासमोर. घड हिरवाच हवा. पाच दिवसांचा गणपती असेल तर पिकलेली केळी तिसऱ्या दिवशी गळायला लागतात. मग काकडी, दोडकी, निरफणस, आंबाडे. कांगणां, घागऱ्यो यांसारखं हलकं सगळ्यात शेवटी, मध्यभागी. समईच्या बरोबर वर काहीही नाही, कारण उष्णतेने पानं करपतात. कवंडळ आणि वाघनखीची (कळलावीची) फुलं मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच, कारण दोन्ही खायची नव्हेत, आणि वाघनखीचं तर मूळही विषारी.

अशी तुमच्या आजीची यादी काढा. ती नाही तर तिच्याबरोबर काम केलेली माणसं असतील: आत्या, शेजारीण, तिला दरवर्षी कांगणां आणून देणारी बाई. 'आजी कशी होती?' असं विचारलं तर सगळ्या 'बरी होती' म्हणतात. 'पातोळ्यांना (हळदीच्या पानात वाफवायचा गोड पदार्थ) तांदूळ किती भिजवायची?' असं विचारा, अर्धा तास बोलतील.

पातोळ्यांचं आमचं माप देतो. अर्धा किलो तांदूळ तीन-चार तास भिजवून शक्य तितक्या कमी पाण्यात वाटायचे. पीठ इडलीच्या पिठाहून घट्ट हवं, नाहीतर हळदीच्या पानावरून ओघळतं. दोन नारळांचं खोबरं, पाव किलोहून थोडा जास्त माडाचा गूळ, वेलची. हे चून (सारण) आटवून कोरडं करायचं. ओलं राहिलं तर वाफेत गुळाचं पाणी बाहेर येतं. पानाच्या मधल्या शिरेवर चून, उभी घडी, पंधरा-वीस मिनिटं वाफ. (गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती घरांत याच पातोळ्या 15 ऑगस्टच्या फेस्ताला होतात, हे पुस्तिकेत एका ओळीत यायला हरकत नाही.) तुमच्या आजीचं माप बहुधा किलोत नसणार, एखाद्या पितळी भांड्याचं असणार. ते भांडं शोधा, काठोकाठ पाणी भरा आणि ते पाणी मोजा. म्हणजे पुढच्यांना 'आजीची दोन भांडी' म्हणजे किती ते कळेल.

देवस्थानाचा इतिहास चार पानं उतरवून काढू नका. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आजीच्या माहेरचं कुलदैवत कोणतं आणि लग्नानंतर ती तिथे जायची का, हे कुणालाच ठाऊक नसतं. देवळाच्या दफ्तरात तिचं नाव शोधायला जाऊ नका. महाजनकी (देवस्थानातला घराण्याचा वारसाहक्क) परंपरेने पुरुषांच्या वंशाने चालत आली आहे. कुठल्या कामाचा प्रसाद लावायला (मूर्तीला पाकळ्या लावून देवाचा कौल घ्यायला) सांगायची, कुठली पाकळी पडेपर्यंत थांबायची, ते मात्र घरात कुणाला तरी आठवत असेल.

आणि अवघड गोष्टीही लिहा. आमची आजी विधवा झाली तेव्हापासून तयेच्या पूजेला तिला जागा नव्हती, दिवजां (सवाशिणींनी देवापुढे न्यायचे दिवे) घ्यायची नव्हती, श्रावणातल्या आयतारांना (रविवारच्या पूजांना) ती दूर बसायची. तरी पत्रीची एकवीस पानं मोजून तीच द्यायची. हे छापल्याने घराण्याचं नाव खराब होतं असं सांगणारे भेटतील. भेटू देत.

हे सगळं हिंदू घरातलं, तेही आमच्या बाजूचं. पेडण्यात, काणकोणात रीत वेगळी असते. काही घरांत मूर्ती नसून कागदावरच्या चित्राची पूजा होते. माझी यादी तुमच्या आजीच्या नावावर छापू नका. आणि माटोळीसाठी रान ओरबाडू नका, दोन फांद्या पुरतात. स्पर्धेच्या माटोळ्या शेकडो वस्तूंच्या असतात, त्यांच्याशी घरच्या माटोळीचं काही देणंघेणं नाही.

छपाईचं थोडक्यात: ए-फाइव्ह आकार, मधे पिना, त्यामुळे पानं चारच्या पटीत. सोळा पुरेत. अक्षर 14 पॉइंटचं, कारण वाचणारे साठीच्या पुढचे असतात. जुने फोटो किमान 600 डीपीआयला स्कॅन करा आणि घोळक्यातून आजीला एकटी कापून काढू नका. वंशावळ टाकणार असाल तर लेकी आणि सुना माहेरच्या नावासकट टाका. आमच्या छापील वंशावळीत आजी फक्त 'यांची पत्नी' आहे. काका म्हणतात, पानावर जागा नव्हती. कागद आडवा घेतला असता तर झाली असती.